गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे

मुंबईच्या १९९१च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम होता. गिरणीची जमीन विकसित करायची तर तिचे ढोबळमानाने तीन वाटे पडणार: एक महापालिकेला, बागा-मैदानांसाठी, एक म्हाडाला, परवडणाऱ्या घरांसाठी, उरलेला मालकाला.

लालबागच्या चाळीत वाढलेल्या माझ्यासारखीला या नियमाचं मोल वेगळं समजावून सांगायला नको. आमची दहा बाय बाराची खोली. मोरीवर पोटमाळा, तिथे काका झोपायचे. बाबा रात्रपाळीहून आले की आमच्याच अंथरुणावर पाठ टेकायचे. १८ जानेवारी १९८२ला गिरण्यांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि हजारोंना पुन्हा कामावर जाताच आलं नाही.

त्यांच्या हक्काच्या घरांची आशा म्हाडाच्या वाट्यात होती. २००१मध्ये नियम बदलला. वाटणी आता फक्त मोकळ्या जागेची. शेड आणि इमारतींखालची जमीन हिशोबातून बाद. पण गिरणीत मोकळी जागा असते कितीशी? उच्च न्यायालयानं २००५मध्ये कामगारांच्या आणि शहराच्या बाजूनं कौल दिला. मार्च २००६मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला आणि परळ-लोअर परळला टॉवरांची रांग लागली.

घरं वाढवायची तर नियम बदलावेच लागतात, हे मी ठामपणे मानते. मात्र बदलात कुणाचा वाटा कापला जातोय, हे मसुद्यावर हरकती मागवतात तेव्हाच वाचायला हवं. नंतर हाती फक्त कोर्टाच्या तारखा उरतात.