हे खरे आहे काय?

काही वर्षांपूर्वी आलापल्लीच्या बसथांब्यावर एक माडिया म्हातारा भेटला. भामरागडच्या पलीकडच्या गावातून निघून, वाटेत एक मुक्काम करून तो तिथवर आला होता. गडचिरोलीला कोर्टात साक्षीसाठी चालला होता. हातातलं समन्स घड्या घालून घालून कापडासारखं मऊ झालेलं. मराठी बेताचीच येत होती. कागद माझ्यापुढे धरून त्याने विचारलं, "गुरुजी, तारीख वाढली तर येण्याजाण्याचे पैसे कोण देते?"

मी जन्मभर इतिहास शिकवला; पण या साध्या प्रश्नाचं उत्तर मला देता आलं नाही.

उत्तर कायद्यात होतं. फौजदारी खटल्यातल्या साक्षीदाराचा वाजवी खर्च सरकारने द्यावा असा हुकूम, राज्याच्या नियमांना धरून, न्यायालय करू शकतं. १९७३ च्या संहितेत ही तरतूद होती आणि १ जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या नव्या संहितेतही आहे. पण कायद्यातली तरतूद वेगळी आणि अर्थसंकल्पातली तरतूद वेगळी. पैसे ठेवले किती, पोचले किती, हे मंत्र्याला उभं करून विचारायची जागा म्हणजे विधिमंडळ. म्हणून मी प्रश्नोत्तरांच्या छापील याद्या वाचायला लागलो.

वाचन रूक्ष आहे, हे कबूल करतो. प्रत्येक प्रश्नाचा साचा ठरलेला. अमुक तालुक्यातलं अमुक काम बंद आहे, "हे खरे आहे काय?" मग "असल्यास, शासनाने चौकशी केली आहे काय?" आणि शेवटी "नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?" उत्तरंही साच्यातली: "हे खरे आहे", "हे खरे नाही", "हे अंशतः खरे आहे" आणि माझं विशेष आवडतं, "प्रश्न उद्भवत नाही". माझा अनुभव असा, की खरी माहिती बहुधा 'अंशतः'च्या खाली दडलेली असते. सभागृहात उपप्रश्न सुरू झाले की ती बाहेर येते.

हा उपप्रश्न आपल्याला आयता मिळालेला नाही. १८९२ च्या कायद्याने कौन्सिलांच्या सभासदांना प्रश्न विचारायची मुभा दिली, पण उत्तर ऐकून गप्प बसायचं. १९०९ मध्ये मूळ प्रश्नकर्त्याला उपप्रश्नाची परवानगी मिळाली. नागपूरला मध्य प्रांताचं कौन्सिल आलं १९१४ साली. १९१९ च्या सुधारणांनी शिक्षण, आरोग्य ही खाती लोकांच्या मंत्र्यांकडे गेली, त्यांना सोपीव म्हणत. न्याय आणि पोलीस मात्र राखीव, म्हणजे गव्हर्नरच्या हातात. नागपूरच्या स्वराज्य पक्षाने हे नाटक ओळखलं आणि १९२४ साली मंत्र्यांचा पगार वर्षाला दोन रुपयांवर आणून ठेवला! मंत्र्यांना घरी जावं लागलं. नागपूरकरांचा हा खट्याळपणा वाचताना आजही हसू येतं.

या सगळ्यात भामरागड कुठे होतं? ते अहेरी जमीनदारीच्या रानात होतं. १९३५ च्या कायद्याखाली १९३६ मध्ये जी यादी निघाली, तिच्यात चांदा जिल्ह्यातली अहेरी जमीनदारी आणि गडचिरोली तहसिलातल्या धानोरा, मुरूमगाव, रांगी अशा कित्येक जमीनदाऱ्या 'अंशतः वगळलेले क्षेत्र' म्हणून आल्या. पुन्हा तोच शब्द, अंशतः! गव्हर्नरने जाहीर केल्याशिवाय विधिमंडळाचा कोणताही कायदा तिथे लागू होत नसे. पूर्ण वगळलेल्या क्षेत्राबद्दल तर गव्हर्नरच्या संमतीशिवाय प्रश्नही विचारता येत नसे. इथे निदान प्रश्नाची वाट मोकळी होती.

या धोरणामागचा सगळाच हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. सावकार, दारूचे ठेकेदार आणि बाहेरचे जमीन घेणारे यांच्यापासून आदिवासींना जपावं, असं मनापासून वाटणारे अधिकारीही होते. डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन हे त्यातले एक. १९४० ते ४२ या काळात त्यांनी मध्य प्रांत-वऱ्हाडच्या आदिवासींची चौकशी केली आणि १९४४ मध्ये त्यांचा जाडजूड अहवाल छापला गेला. पण १९३९ च्या नोव्हेंबरात काँग्रेसच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला होता आणि १९४६ पर्यंत प्रांतात गव्हर्नरची राजवट होती. ज्या अहवालावर मंत्र्याला धारेवर धरायचं, तो आला तेव्हा सभागृहच चालू नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर हा भाग आधी मध्य प्रदेशात, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. सभागृह मुंबईला गेलं. नागपूर कराराच्या आठवणीने डिसेंबरात पंधरवडाभर नागपूरला येऊ लागलं. १९७५-७६ पासून आदिवासी उपयोजना आली, १९८२ मध्ये गडचिरोली जिल्हा झाला. पुढे सुकथनकर समितीच्या शिफारशीवरून आदिवासी लोकसंख्येच्या प्रमाणात निधी बाजूला काढून तो आदिवासी विकास विभागाच्या हाती देण्याची पद्धत पडली. आता निदान विचारायचं कोणाला, हे तरी ठरलं.

न्यायावरच्या खर्चाचं मात्र थोडं वेगळं आहे. अर्थसंकल्पात 'न्यायदान' हे लेखाशीर्ष २०१४ आहे (हा आकडा सालाचा नव्हे). त्यात उच्च न्यायालयाचा खर्च 'भारित'; त्यावर चर्चा होते, मतदान नाही. खालच्या न्यायालयांचा खर्च 'दत्तमत', म्हणजे आमदारांच्या मताने मंजूर होणारा. उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांच्या वर्तनावर विधिमंडळात चर्चा करायला घटनेचीच मनाई आहे, आणि ते योग्यच आहे. पण या मनाईचा धाक असा, की इमारत, रिक्त पदं, दुभाषा, साक्षीदाराचा भत्ता या साध्या हिशेबाच्या गोष्टीही कोणी विचारत नाही. रस्ता, आश्रमशाळा, औषधं यांवरचे प्रश्न यादीत मला भरपूर सापडले. साक्षीदाराच्या भाड्याचा एकही माझ्या नजरेस आला नाही.

विचारला, तरी उत्तर यायला वाट लांब आहे. प्रश्न मंत्रालयातून जिल्ह्याला जायचा, तिथून तालुक्याला, आणि माहिती त्याच वाटेने परत यायची. २०१९ च्या पावसाळ्यात पर्लकोटेच्या पुराने भामरागडचा संपर्क पुन्हा पुन्हा तुटला होता.

तरीही, तो प्रश्न मी साच्यात बसवून एका कागदावर उतरवून ठेवला आहे. मला तो विचारता येणार नाही, त्याला आमदारच हवा. पण मजकूर असा आहे:

"(१) भामरागड तालुक्यातील साक्षीदारांना न्यायालयात हजर राहण्यासाठी दीडशे किलोमीटरहून अधिक प्रवास करावा लागतो, हे खरे आहे काय? (२) असल्यास, गेल्या तीन वर्षांत अशा किती साक्षीदारांना प्रवासखर्च देण्यात आला व किती रक्कम? (३) दिला नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?"