कार्टियरची मते

निवडणुकीच्या ड्युटीवर गेलेल्या प्रत्येक शिक्षकाने ‘गठ्ठा’ हा शब्द ऐकलेला असतो. अमुक मोहल्ल्याची मते गठ्ठ्याने पडतात, असे सांगणाऱ्याच्या चेहऱ्यावर मोठे गुपित फोडल्याचा भाव असतो. हा शब्द कानावर पडला की मला कॅनडातल्या माँट्रियल शहराचा एक मतदारसंघ आठवतो. त्याचे नाव कार्टियर.

सेंट लॉरेन्स बुलेव्हार्ड या रस्त्याच्या आजूबाजूची ती वस्ती. शहरात इंग्रजी बोलणारे पश्चिमेला, फ्रेंच बोलणारे पूर्वेला आणि मधल्या पट्ट्यात रशिया, पोलंड, रुमानियातून आलेले यहुदी, म्हणजे ज्यू. कपडे शिवण्याचे कारखाने, भाड्याची घरे, सिनेगॉग आणि ‘केनेडर ॲडलर’ हे यिद्दिश दैनिक. यिद्दिश ही मुळात जर्मन वळणाची भाषा, पण लिहायची हिब्रू लिपीत, उजवीकडून डावीकडे. बोली एका कुळाची आणि लिपी दुसऱ्या, ही गंमत उर्दूच्या मास्तरला वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

क्वेबेक प्रांतात तेव्हा शाळा दोनच प्रकारच्या होत्या, कॅथलिक आणि प्रोटेस्टंट. १९०३च्या कायद्याने यहुदी मुलांना शिक्षणापुरते प्रोटेस्टंट ठरवले. फेब्रुवारी १९१३मध्ये ॲबरडीन शाळेतल्या एका शिक्षिकेने वर्गात म्हटले की, यहुदी मुले आल्यापासून शाळा घाण झाली. सहावीच्या पाच मुलांनी चक्क संप पुकारला आणि शेकडो मुले वर्गाबाहेर पडली. मुख्याध्यापकांशी बोलणी करायला वस्तीतर्फे जे गेले, त्यांत सॅम्युअल जेकब्ज नावाचे वकील होते. १९१७मध्ये हेच जेकब्ज लिबरल पक्षातर्फे ओटावाच्या संसदेत गेले. पुढे मतदारसंघाची नव्याने आखणी होऊन कार्टियर हे नाव आले, तरी १९३८मध्ये मृत्यू येईपर्यंत जागा त्यांचीच राहिली.

म्हणजे वस्तीला ‘आपला माणूस’ मिळाला होता, तोही दीर्घकाळ सत्तेत असलेल्या पक्षाचा. पण हिटलर आल्यावर युरोपातले यहुदी आसरा शोधू लागले, तेव्हा काय झाले? जेकब्ज आणि संसदेतले इतर दोन यहुदी सदस्य, हीप्स आणि फॅक्टर, सरकारकडे खेटे घालत राहिले. पंतप्रधान मॅकेन्झी किंग हलले नाहीत आणि स्थलांतर खात्याचे प्रमुख फ्रेडरिक ब्लेअर यांनी दार लावून घेतले होते. १९३३ ते १९४५ या बारा वर्षांत कॅनडाने जेमतेम पाच हजार यहुदी निर्वासित घेतले. माझ्या मते याचे एक कारण खुद्द कार्टियरमध्येच होते. जो मतदार आधीच खिशात आहे, त्याची विचारपूस कोण करणार?

जेकब्ज यांच्यानंतर पीटर बर्कोविच आले. तेही यहुदी, तेही लिबरल. १९४२च्या अखेरीस ते वारले आणि ९ ऑगस्ट १९४३ रोजी पोटनिवडणूक झाली. गठ्ठ्याची खरी परीक्षा तेव्हा होती.

लिबरल पक्षाने लाझरस फिलिप्स हे बडे वकील उभे केले. समाजवादी सीसीएफकडून डेव्हिड लुईस आले. याच शहरात वाढलेले, ऑक्सफर्डला शिकलेले. कम्युनिस्ट पक्षावर बंदी असल्याने फ्रेड रोझ लेबर-प्रोग्रेसिव्ह या नावाखाली उभे राहिले. रोझ पोलंडमधल्या लुब्लिनचे, धंद्याने इलेक्ट्रिशियन. १९३५मध्ये याच मतदारसंघात जेकब्ज यांच्याकडून हरलेले. चौथे पॉल मासे. सक्तीच्या सैन्यभरतीला विरोध करणाऱ्या ब्लॉक पॉप्युलेर या फ्रेंच-कॅनेडियन पक्षाचे.

चौघांपैकी तिघे यहुदी, आणि तिघे एकमेकांच्या विरोधात! रोझना ५,७८९ मते पडली, मासेंना ५,६३९, फिलिप्सना ४,१८०, लुईसना ३,३१३. दीडशे मतांनी कम्युनिस्ट निवडून आला. वकील, विद्वान आणि इलेक्ट्रिशियन यांच्यात ही वस्ती आपापल्या हिशेबाने वाटली गेली. तो हिशेब घरभाड्याचा आणि कारखान्यातल्या मजुरीचा होता. शिवाय त्याच वर्षी स्टॅलिनग्राडला लाल सैन्याने जर्मनांना गुडघ्यावर आणले होते. ज्यांचे आईबाप, भावंडे पोलंडात अडकली होती, त्यांना कम्युनिस्ट शब्दाची भीती दाखवून काय उपयोग होणार होता?

रोझ १९४५मध्ये पुन्हा निवडून आले. मात्र त्याच वर्षी सप्टेंबरात सोव्हिएत वकिलातीतला इगोर गुझेन्को हा कारकून कागदपत्रे घेऊन पळाला आणि हेरगिरीचे जाळे उघडे पडले. मार्च १९४६मध्ये रोझना अटक झाली, पुढे सहा वर्षांची शिक्षा लागली. जानेवारी १९४७मध्ये संसदेने त्यांची जागा रिकामी जाहीर केली. कोर्टाने दोषी ठरवले ते रोझना. पण संशयाने पाहिले गेले ते त्यांना मत देणाऱ्यांकडेही. हेरगिरीसाठी मत कुणीही दिले नव्हते, हे वेगळे सांगायची वेळ या लोकांवर आली. सुटल्यावर रोझ पोलंडला गेले. १९५७मध्ये त्यांचे नागरिकत्व काढून घेण्यात आले आणि १९८३मध्ये ते वॉर्सातच वारले.

मार्च १९४७च्या पोटनिवडणुकीत जागा पुन्हा लिबरलांकडे गेली, मॉरिस हार्ट निवडून आले. १९४९मध्ये सीसीएफने ए. एम. क्लाइन यांना उभे केले. याच वस्तीचे जगणे ज्यांनी इंग्रजी कवितेत आणले, ते हे कवी. तेही पडले. शेजाऱ्यांनी कवीची भीडसुद्धा ठेवली नाही!

दरम्यान हाताशी थोडे पैसे आलेली कुटुंबे पश्चिमेकडच्या स्नोडन आणि कोत-सें-लुक भागांत राहायला गेली. त्यांच्या रिकाम्या घरांत ग्रीक आणि पोर्तुगीज आले. १९६६च्या फेररचनेत कार्टियर हे नाव यादीतून गेले. जुन्या वस्तीतली बरीच कुटुंबे आता माउंट रॉयल मतदारसंघात मोडत होती. यहुदी मतदारांची मोठी संख्या असलेल्या या मतदारसंघातून १९६५मध्ये पियरे ट्रूडो पहिल्यांदा संसदेत गेले. ते कॅथलिक होते.