सोन्यानं भरली ओटी (भीमगीत)

‘सोन्यानं भरली ओटी’ हे छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथील लोकगायिका कडूबाई खरात यांच्या आवाजात सर्वतोमुखी झालेले भीमगीत आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्याविषयीची कृतज्ञता हा त्याचा विषय होय. कडूबाईंना महाराष्ट्रभर ओळख मिळाली ती प्रामुख्याने या गीतामुळे.

पार्श्वभूमी

शहराच्या पूर्वेकडील चिकलठाणा परिसरात राहणाऱ्या कडूबाई पतीच्या निधनानंतर एकतारी घेऊन वस्त्यावस्त्यांतून गात असत. त्यावरच मुलांचा सांभाळ चाले. त्यांच्या गायनाच्या, मोबाइलवर टिपलेल्या चित्रफिती समाजमाध्यमांवर पसरल्या आणि जाहीर कार्यक्रमांची निमंत्रणे येऊ लागली. ध्वनिमुद्रिका कंपनी, जाहिरात, प्रकाशन सोहळा यांपैकी कशाचाही या कीर्तीशी संबंध नव्हता.

ज्या शहरात हे घडले, तेथे आंबेडकरी चळवळीची मुळे खोल आहेत. बाबासाहेबांनी 1950 साली येथे मिलिंद महाविद्यालयाची स्थापना केली, तर मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार दीर्घ लढ्यानंतर 14 जानेवारी 1994 रोजी झाला.

आशय

ओटी भरणे हा सवाष्णीचा मान. धान्य, नारळ, खण आणि हळदकुंकू देऊन तिची ओटी भरली जाते. माहेरहून निघालेल्या लेकीला ती हमखास मिळते. विधवेला मात्र रूढीने हा मान नाकारला आहे. गीतात ओटी भरतो तो भीम, आणि तीही सोन्याने. म्हणजे बाबासाहेब येथे माहेराच्या जागी आहेत. जुन्या उपासमारीशेजारी आजची सुस्थिती ठेवून गीत पुढे सरकते. त्यातील सोने म्हणजे केवळ दागिना नव्हे. शिक्षण, हक्क आणि माणूस म्हणून मिळालेली प्रतिष्ठा त्यात अभिप्रेत आहे. पतिनिधनानंतर दारोदार गाणाऱ्या स्त्रीच्या तोंडी हा ओटीचा मान आला, की रूढीचा अर्थच पालटतो. गीताचे बळ बहुधा याच ठिकाणी असावे.

भाषा मराठवाडी बोलीतील असून ‘माझ्या’साठी ‘मह्या’ असे उच्चार गायनात तसेच राहिले आहेत. प्रमाणभाषेत बदलून हे गीत गाणे म्हणजे त्याचा गोडवा घालवणेच.

संगीत

भोपळा, बांबूची दांडी आणि एक तार एवढ्यावर एकतारी बनते. भजनी परंपरेतील हे वाद्य सुराचा आधार देते आणि लयही धरते. अमेरिकेत रे चार्ल्स यांनी 1950च्या दशकात चर्चमधील गॉस्पेलची धाटणी लौकिक गीतांत आणली व त्यातून सोल संगीताला आकार आला. भजनाचे वाद्य आणि आळवणी सामाजिक ऋणाच्या गीतात आणणारी भीमगीतांची वाट त्याच्याशी काहीशी समांतर आहे. ही वाट 1930च्या दशकातील आंबेडकरी जलशांपासून सुरू होते; पुढे वामनदादा कर्डक (1922–2004) यांनी ती खेड्यापाड्यांत रुजविली. आज 14 एप्रिलच्या मिरवणुकांत डीजेवर भीमगीते वाजतात. कडूबाईंचे गायन त्या मानाने अगदी उघडे, एका तारेवर तोललेले आहे.