स्मरणाची चाळणी आणि मोटारीची किल्ली

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण ज्या काळात रूढ झाली, त्या काळात साठी उलटलेल्या माणसाच्या हाती फार तर बैलांचा कासरा असे. कासरा धरणारा हात ढिला पडला, तरी बैल सवयीने घरची वाट धरीत आणि म्हाताऱ्याला सुखरूप अंगणात आणून सोडीत. विसाव्या शतकाने माणसाच्या पायाखाली मोटारीचे यंत्र दिले, तेव्हा त्या यंत्राला बैलाची ही समजूत मात्र देता आली नाही. चालकाचे भान क्षणभर हरपले, तर त्याला सावरून घेणारी दुसरी बुद्धी मोटारीपाशी नव्हती. त्यातच याच शतकाने माणसाचे आयुष्यही लांबविले. यातून एक नवा प्रश्न उभा राहिला: म्हातारपणी मोटार चालविणाऱ्याची बुद्धी अजून ठिकाणावर आहे की नाही, हे कोणी आणि कसे ठरवावे? या प्रश्नाशी जपानइतक्या चिकाटीने झगडलेला देश क्वचितच दुसरा असेल. त्या झगड्याचा इतिहास म्हणूनच बोधप्रद आहे.

या इतिहासाचा आरंभ रस्त्यावर झाला नाही. तो वैद्याच्या खोलीत झाला. स्मृतिभ्रंशाचे निदान पूर्वी बहुतांशी डॉक्टरांच्या अंदाजावर अवलंबून असे. एकाच रुग्णाविषयी आज एक मत आणि उद्या दुसरे, असे होऊ नये म्हणून मानसोपचारतज्ज्ञ काझुओ हासेगावा यांनी 1974 साली एक प्रश्नावली सिद्ध केली. पुढे 1991 साली तिची सुधारित आवृत्ती निघाली. तिच्यातील प्रश्न वरकरणी अगदी साधे आहेत. तुमचे वय काय? आज वार कोणता? शंभरातून सात वजा केले तर किती उरतात? मघाशी सांगितलेले तीन शब्द पुन्हा सांगा. ठाऊक असतील तेवढ्या भाज्यांची नावे घ्या. एकंदर तीस गुणांची ही परीक्षा. वीस किंवा त्याहून कमी गुण मिळाले, तर स्मृतिभ्रंशाचा संशय घ्यावा, असा तिचा संकेत. ही मोजपट्टी जपानभर पसरली आणि तिच्या कर्त्याचे नाव घरोघरी पोचले.

मोजण्याबरोबर बोलण्याची रीतही बदलावी लागली. या विकाराला जपानी भाषेत जो शब्द रूढ होता, त्याच्या चित्रलिपीतच मूर्खपणाचा अर्थ दडलेला होता. आपल्याकडे ‘म्हातारचळ’ या शब्दात जी हेटाळणी आहे, तिच्याच जातीची ती होती. 2004 साली जपानच्या आरोग्य मंत्रालयाने तो शब्द टाकून ‘आकलनाचा विकार’ अशा अर्थाचा नवा शब्द स्वीकारला. हासेगावा या बदलाच्या पुरस्कर्त्यांपैकी होते. जो माणूस विसरतो तो मूर्ख नव्हे, तो आजारी आहे, हे सरकारी कागदपत्रांत त्या वर्षी मान्य झाले.

इकडे रस्त्यावर एक वेगळीच पिढी म्हातारी होत होती. सामान्य कुटुंबाला परवडतील अशा मोटारी बाजारात आल्यामुळे 1966 हे वर्ष जपानमध्ये ‘स्वतःच्या मोटारीचे पहिले वर्ष’ म्हणून ओळखले जाते. त्या साली पस्तिशीत असलेला गृहस्थ 2009 साली अठ्ठ्याहत्तर वर्षांचा झाला. मोटार ही त्याच्या लेखी चैनीची वस्तू राहिली नव्हती. खेड्यांतील तरुण शहरांकडे निघून गेले, उतारू मिळेनात म्हणून बसगाड्या बंद पडल्या, जवळची दुकाने मिटली. अशा गावात दवाखाना, बाजार आणि स्नेह्यांचे घर यांच्याशी माणसाला जोडणारा एकच धागा उरला, आणि तो म्हणजे दारातली मोटार.

सरकारने प्रथम सौम्य उपाय योजले. 1997 साली वृद्धांच्या मोटारींवर लावण्यासाठी पिवळ्या-केशरी पानाचे चिन्ह आले. हे तर गळणारे पान, अशी कुरकुर वृद्धांनी केली, तेव्हा 2011 साली त्याच्या जागी चार पाकळ्यांचे प्रसन्न चिन्ह देण्यात आले. 1998 साली परवाना स्वखुशीने परत करण्याची सोय झाली. पहिल्या वर्षी जेमतेम अडीच हजार लोकांनी तिचा लाभ घेतला. 2002 सालापासून परवाना परत करणाऱ्याला त्याच्या चालकपणाच्या वर्षांची साक्ष देणारे प्रमाणपत्र मिळू लागले. परवाना जातो, पण त्या परवान्याने दिलेली ओळख जाऊ नये, हा त्यामागचा विचार होता.

2009 सालच्या जूनपासून सौम्यपणाची जागा सक्तीने घेतली. पंचाहत्तरी गाठलेल्या प्रत्येक चालकाने परवान्याच्या नूतनीकरणापूर्वी आकलनशक्तीची परीक्षा दिली पाहिजे, असा नियम झाला. ही परीक्षा अमेरिकेत तयार झालेल्या सात मिनिटांच्या एका चाळणीवरून बेतलेली होती. आज कोणते साल, कोणता महिना, कोणता वार, आता किती वाजले, असे आरंभीचे प्रश्न. मग चार-चार करून सोळा चित्रे दाखवीत. तोफ, ऑर्गन, कान, रेडिओ, सिंह, बांबूचा कोंब, कोंबडी, गुलाब अशी ती रोजच्या ओळखीची चित्रे. त्यानंतर अंकांच्या ओळींतून ठरावीक अंक खोडण्याचे काम देऊन मन दुसरीकडे गुंतवीत आणि मग विचारीत, मघाची चित्रे कोणती होती? शेवटी घड्याळाची तबकडी काढून तीत सांगितलेली वेळ दाखवायची. अर्धशतक मोटार हाकलेले आजोबा पुन्हा शाळकरी पोरासारखे पेन्सील घेऊन बाकावर बसले. या परीक्षेच्या तयारीची पुस्तके दुकानांत आली आणि ती घेऊन कित्येक म्हातारे घरी चित्रे पाठ करू लागले.

आरंभी या परीक्षेत नापास होणाऱ्याचा परवाना लगेच जात नसे. त्याच्या हातून वाहतुकीचा एखादा ठरावीक गुन्हा घडला, तरच त्याला डॉक्टरांकडे जावे लागे. ही फट बुजविणारा कायदा 2015 साली संमत झाला. तो अमलात येण्याची वाट पाहिली जात असतानाच, 2016 सालच्या ऑक्टोबरात योकोहामा शहरात सत्त्याऐंशी वर्षांच्या एका चालकाचा लहान मालट्रक शाळेला निघालेल्या मुलांच्या रांगेत घुसला आणि पहिलीतला एक मुलगा प्राणास मुकला. पुढे चालकाला स्मृतिभ्रंश असल्याचे निष्पन्न झाले आणि त्याच्यावर खटला भरण्यात आला नाही. 12 मार्च 2017 रोजी नवा कायदा लागू झाला. आता परीक्षेत संशयित ठरलेल्या प्रत्येकाला वैद्यकीय तपासणी सक्तीची झाली आणि निदान पक्के झाले की परवाना रद्द होऊ लागला.

चाळणी बारीक झाली; आता धोका तिच्यातून निसटणार नाही, असे अनेकांना वाटले. ती समजूत 19 एप्रिल 2019 रोजी टोकियोच्या इकेबुकुरो भागात मोडली. भर दुपारी एक मोटार दोन चौक ओलांडीत बेफाम वेगाने आली. सायकलवरून रस्ता ओलांडणारी एक तरुण आई आणि तिची तीन वर्षांची मुलगी जागच्या जागी ठार झाल्या. इतर नऊ जण जखमी झाले. चालकाचे वय याही वेळी सत्त्याऐंशीच होते. पण एक गोष्ट सर्वांनाच अंतर्मुख करणारी होती: 2017 सालच्या नूतनीकरणाच्या वेळी या गृहस्थाने आकलनाची परीक्षा व्यवस्थित उत्तीर्ण केली होती. दोष गाडीचा आहे, असे त्याचे म्हणणे होते. न्यायालयाने मात्र, ब्रेक समजून त्याने ॲक्सिलरेटरच दाबून धरला, असा निष्कर्ष काढला आणि 2021 साली त्याला पाच वर्षांची शिक्षा दिली. ती भोगीत असतानाच 2024 साली त्याचा मृत्यू झाला. कठोर शिक्षेच्या मागणीच्या अर्जावर जवळजवळ चार लाख लोकांनी सह्या केल्या होत्या. त्या एकाच वर्षात, 2019 साली, सहा लाखांहून अधिक लोकांनी आपला परवाना स्वतः होऊन परत केला.

हे सहा लाख लोक उद्यापासून बाजाराला कसे जाणार, हा प्रश्न त्या दुःखाच्या कल्लोळात फारसा कोणी विचारला नाही. तो विचारला गेला होता युरोपातील एका लहानशा देशात. डेन्मार्कने जपानच्या तीन वर्षे आधी, 2006 साली, सत्तरी ओलांडलेल्या चालकांना परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी अशीच परीक्षा लावली होती. चार वस्तू ध्यानात ठेवून सांगायच्या आणि घड्याळ काढायचे, एवढाच तिचा आवाका. अनु सिरेन आणि ॲनेट मेंग या दोन संशोधक स्त्रियांनी परीक्षा सुरू होण्यापूर्वीचे आणि नंतरचे प्राणघातक अपघात ताडून पाहिले आणि 2012 साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. मृत्युमुखी पडणाऱ्या वृद्ध चालकांच्या संख्येत म्हणण्याजोगा फरक पडला नव्हता. वाढली होती ती पायी किंवा सायकलवर असताना मरण पावणाऱ्या वृद्धांची संख्या.

याचा अर्थ लावणे अवघड नाही. परीक्षेत अडलेला, किंवा परीक्षेच्या नुसत्या धास्तीने परवाना सोडून दिलेला माणूस घरात बसून राहत नाही. त्याला औषध आणायचे असते, भाजी आणायची असते. तो चालत निघतो किंवा जुनी सायकल बाहेर काढतो. मोटारीत असताना त्याच्याभोवती पोलादाची भिंत होती. आता त्याची ठिसूळ हाडे आणि मंदावलेली पावले उघड्यावर आली. त्याच्यापासून इतरांना असलेला धोका थोडाफार घटला, पण त्याला स्वतःला असलेला धोका वाढला. डेन्मार्कने हा हिशेब तपासला आणि 2017 साली केवळ वय झाले म्हणून वैद्यकीय दाखला मागण्याची पद्धतच मोडीत काढली. ज्या वर्षी जपानने दोर आवळला, नेमक्या त्याच वर्षी डेन्मार्कने तो सैल केला.

मग दोघांपैकी बरोबर कोण? जपानी संशोधकांनी 2017 च्या कायद्यानंतरचे आकडे तपासून 2023 साली जे मांडले, त्यावरून दोन्ही बाजूंना थोडथोडे खरे पदरात घ्यावे लागते. 2019 पर्यंतच्या काळात वृद्ध चालकांच्या हातून होणाऱ्या टकरी साडेतीन हजारांहून अधिक संख्येने घटल्या, असा त्यांचा अंदाज आहे. म्हणजे जपानची चाळणी निष्फळ ठरली नाही. परंतु त्याच काळात पायी व सायकलवर जाणाऱ्या वृद्धांच्या दुखापती सुमारे साडेनऊशेंनी वाढल्या. दुसऱ्या एका जपानी पाहणीत असेही आढळले की, मोटार सोडणाऱ्या वृद्धांना पुढे परावलंबी होण्याचा धोका, मोटार चालवीत राहणाऱ्यांच्या मानाने सुमारे दुप्पट असतो. आणि बस किंवा आगगाडीचा आधार असेल, तर तो धोका काहीसा कमी भरतो. वाचलेल्या जिवांचे मोल मोठेच आहे. पण ज्यांनी ती किंमत मोजली, त्यांचीही नोंद त्याच वहीत झाली पाहिजे.

जपानच्या पुढील पावलांत हे शहाणपण काही अंशी दिसते. 2022 सालच्या मे महिन्यापासून, पूर्वीच्या तीन वर्षांत सिग्नल मोडण्यासारखे ठरावीक गुन्हे केलेल्या पंचाहत्तरीपुढील चालकांची प्रत्यक्ष मोटार चालवून परीक्षा होऊ लागली. घड्याळ काढण्याचा प्रश्न तेव्हाच गळाला. चित्रे आठवण्याची परीक्षा राहिली. पण चौकात थांबतो की नाही, हे चौकातच पाहावे, हे तत्त्वही तिच्या जोडीला आले. आपोआप ब्रेक लावणारी साधने बसविलेल्या मोटारीपुरताच मर्यादित परवाना घेण्याची मुभाही त्याच वेळी मिळाली. पुढे, ब्रेकऐवजी चुकून ॲक्सिलरेटर दाबला गेल्यास गाडीला आवरणारे साधन स्वयंचलित गिअरच्या नव्या मोटारींत सप्टेंबर 2028 पासून सक्तीचे करण्याचे ठरले. बैलापाशी जी समजूत उपजत होती, तिचा थोडा अंश यंत्रात घालण्याचाच हा उद्योग म्हणावयाचा.

या साऱ्या इतिहासाला एक विलक्षण योगायोग जोडलेला आहे. जपानचा कठोर कायदा ज्या 2017 साली अमलात आला, त्याच वर्षी काझुओ हासेगावा यांनी आपल्यालाच स्मृतिभ्रंश जडला असल्याचे जाहीर केले. मोजपट्टी तयार करणाराच तिच्याखाली आला. ते खचले नाहीत, लपलेही नाहीत. आतून हा आजार कसा जाणवतो, ते त्यांनी व्याख्यानांतून आणि 2019 साली एका पुस्तकातून सांगितले. 2021 सालच्या नोव्हेंबरात, वयाच्या ब्याण्णवाव्या वर्षी, ते निवर्तले.

माणसाचे किती हरवले आहे, हे सांगणारी मोजपट्टी त्यांनी घडविली. त्याच्यापाशी अजून काय उरले आहे, हे आपल्या अखेरच्या वर्षांनी दाखविले. वृद्ध चालकाचा न्याय करताना ही दोन्ही मापे हाताशी हवीत. इकेबुकुरोच्या चौकातील ती आई आणि तिची मुलगी यांच्यापुढे कोणाही आजोबांचा अभिमान मोठा नाही. किल्ली काढून घेण्याची वेळ येते, आणि ती आली म्हणजे ती घेतलीच पाहिजे. पण किल्ली घेणाऱ्या समाजाने त्या आजोबांच्या दारापासून दवाखान्यापर्यंत एखादी बस आणि बसच्या थांब्यापर्यंत एक निर्धोक पाऊलवाट तेवढ्याच तत्परतेने दिली पाहिजे. नाहीतर रस्त्यावरचा मृत्यू टळत नाही. तो फक्त मोटारीतून उतरून पायी चालू लागतो.