फोनमधला मोठा व्हिडिओ घरच्या सर्व्हरवर जात नाही? या क्रमाने तपासा

बेळगाव : गुगलची मोफत १५ जीबी जागा भरली की बरेच जण जुना संगणक घेऊन त्यावर नेक्स्टक्लाउड किंवा इमिच बसवतात. फोटो झटपट जातात, पण लग्नाचा चार जीबीचा व्हिडिओ मध्येच अडकतो. अशा वेळी सगळं काढून पुन्हा बसवायची घाई करू नका. आधी अडतंय कुठं ते शोधा.

१. घरच्या वायफायवर पाठवून बघा
बाहेरचा पत्ता न वापरता सर्व्हरचा घरातला आयपी पत्ता अ‍ॅपमध्ये टाका. आता फाइल गेली, तर दोष मधल्या वाटेत आहे. क्लाउडफ्लेअरच्या मोफत योजनेत एका विनंतीत १०० एमबीपर्यंतच माल जातो. फाइलचे तुकडे करून पाठवणारं अ‍ॅप यातून सुटतं, अखंड पाठवणारं अडकतं. तुकड्यांचा आकार १०० एमबीच्या आत ठेवा, नाहीतर व्हीपीएन वापरा.

२. चुकीचा आकडा वाचा
४१३ म्हणजे फाइल मर्यादेपेक्षा मोठी. एनजिनएक्सची मूळ मर्यादा फक्त १ एमबी असते. पीएचपीत एका फाइलला २ एमबी आणि एकूण विनंतीला ८ एमबी. तिन्ही ठिकाणी आकडा वाढवा आणि दोन्ही सेवा पुन्हा सुरू करा. एकच बदलून भागत नाही.
५०४ म्हणजे वेळ संपली. १०० टक्के होऊन अडकत असेल, तर सर्व्हर तुकडे जोडत असतो. थांबण्याची मुदत वाढवा.
५०७ म्हणजे जागा नाही.

३. डिस्क बघा
तुकडे जोडताना तात्पुरती जादा जागा लागते. डिस्क फॅट३२ पद्धतीची असेल, तर चार जीबी किंवा त्याहून मोठी एकच फाइल तिच्यावर मावतच नाही. डिस्क बदलून फॉरमॅट करण्याआधी त्यातला माल दुसरीकडे हलवा.

४. फोन झोपतोय का?
स्क्रीन बंद झाली की अपलोड थांबतंय, तर त्या अ‍ॅपची बॅटरी बचत बंद करा. फोन चार्जिंगला लावून अ‍ॅप उघडं ठेवा.

५. वेगाचा हिशेब करा
अपलोड १० एमबीपीएस असेल, तर चार जीबीला साधारण ५५ मिनिटं लागतात. तेवढ्यात लाइट गेली तर काम अर्धवट राहतं. राउटर आणि सर्व्हर दोन्ही यूपीएसवर हवेत.

सगळ्यात महत्त्वाचं : अ‍ॅपने हिरवी खूण दाखवली म्हणून फोनमधली फाइल लगेच उडवू नका. दुसऱ्या संगणकावरून सर्व्हरवरची फाइल उघडा, आकार जुळतो का बघा, व्हिडिओ शेवटपर्यंत चालवा. आणि घरचा सर्व्हर ही एकच प्रत धरा. आणखी एक प्रत वेगळ्या डिस्कवर, शक्यतो दुसऱ्या घरी ठेवा. लग्न काही परत लागत नाही.