खाटा नसलेल्या दवाखान्याची तपासणी कोण करतं?

आजच्या भागाचं हे लिखित रूप. एसटीत रेंज नसेल, नाईट शिफ्टला इअरफोन घालता येत नसेल, तर निवांत वाचा.

सुरुवात माझ्या आज्जीपासून करतो. आमची आज्जी सोलापुरात आयुष्यभर विड्या वळत आली. एकाच जागी बसून बसून कंबर गेली. कंबर धरली की ती घराजवळच्या दवाखान्यात जाते. दवाखाना म्हणजे एक गाळा. बाहेर बाकडं, आत पडदा, पडद्याआड टेबल आणि डॉक्टर. ते स्वभावाने चांगले आहेत. रात्री बारा वाजता दार वाजवलं तरी उघडतात, पैसे नसले तर 'नंतर द्या आज्जी' म्हणतात.

दोन वर्षांपूर्वी तिथं आज्जीला कमरेत इंजेक्शन दिलं. तीन दिवसांनी तिथं गाठ आली. मग ताप. शेवटी सिव्हिलला नेऊन गळू फोडावं लागलं. महिनाभर तिला एका कुशीवर झोपायला लागलं. डॉक्टर म्हणाले, सुई नवीनच होती. असेलही. जंतू सुईतूनच येतो असं नाही. कातडी नीट पुसली नसेल, हात धुतले नसतील, औषधाची बाटली आधीच उघडलेली असेल. नेमकं काय झालं हे मला आजही सांगता येणार नाही.

पण एक प्रश्न डोक्यात बसला. या दवाखान्यात हात कुठं धुतात, सुया कुठं टाकतात, हे कधी कुणी येऊन बघतं का? विचारायला एका सरकारी कार्यालयात गेलो. तिथल्या साहेबांनी फाईलवरून मान वर केली आणि मलाच विचारलं, "तिथं खाटा किती आहेत?"

म्हटलं, "खाटा नाहीत साहेब. नुसता दवाखाना आहे."

"मग तो आमच्या यादीत येत नाही ओ."

खाटांचा आणि तपासणीचा काय संबंध? ते शोधायला मागं जावं लागतं. बरंच मागं.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. पाठोपाठ पुणं, आणि मग रेल्वेच्या रुळांवरून सोलापूरही. मुंबई–मद्रास लाईनवरचं गिरण्यांचं शहर ते, माणसांची ये-जा सतत. सरकारने ४ फेब्रुवारी १८९७ ला साथरोग कायदा केला. हो, तोच, जो कोरोनात २०२० साली पुन्हा बाहेर काढला. त्या काळात तपासणी भरपूर झाली, पण कुणाची? स्टेशनवर उतरणाऱ्या प्रवाशांची, घरांची, माणसांच्या काखेतल्या गाठींची. म्हणजे डॉक्टर तपासणारा आणि लोक तपासले जाणारे. डॉक्टरचीही तपासणी व्हावी, हा विचार तेव्हा प्लेगच्या गडबडीत कुणाच्या गावीही नव्हता.

तो विचार पहिल्यांदा कायद्यात आला १९१२ साली. मुंबई इलाख्यात मेडिकल ॲक्ट झाला आणि पाश्चात्त्य वैद्यक शिकलेल्या डॉक्टरांची नोंदवही सुरू झाली. त्या वहीत नाव असणं आणि गैरवागणुकीबद्दल ते काढलं जाणं, हे तेव्हापासून. १९३८ साली दुसरा कायदा आला आणि वैद्य-हकिमांचीही नोंद सुरू झाली. आज महाराष्ट्रात ॲलोपॅथीसाठी महाराष्ट्र मेडिकल कौन्सिल आहे, आयुर्वेद-युनानीसाठी वेगळी परिषद, होमिओपॅथीसाठी वेगळी. त्यांची मुळं अशा जुन्या कायद्यांत आहेत.

पण नोंदवही माणसाची होती. डॉक्टर शिकलेला आहे का, एवढंच ती सांगते. तो बसतो ती खोली कशी आहे, पाणी आहे का, नर्स शिकलेली आहे का, हे त्या वहीत कुठंच नाही.

जागेचा विचार आला स्वातंत्र्यानंतर. इंग्लंडमध्ये १९२७ साली नर्सिंग होमच्या नोंदणीचा कायदा झाला होता. आपल्याकडे १९४९ मध्ये बॉम्बे नर्सिंग होम्स रजिस्ट्रेशन ॲक्ट आला. सरकारी मराठीत शुश्रूषागृह नोंदणी अधिनियम. हा कायदा वाचला की जाणवतं, लिहिणाऱ्यांनी साध्या गोष्टी धरल्या होत्या. नोंदणीशिवाय नर्सिंग होम चालवायचं नाही. बांधकाम, जागा, माणसं, साधनं योग्य नसतील तर नोंदणी नाकारता येते. अधिकाऱ्याला आत येऊन तपासणी करता येते. आणि नोंदणीचं प्रमाणपत्र सगळ्यांना दिसेल अशा जागी लावायचं. रिसेप्शनमागे गणपतीच्या फोटोशेजारी जी फ्रेम असते ना, ती इथून आली.

आता 'नर्सिंग होम' कशाला म्हणायचं? जिथं आजारी माणसाला दाखल करून घेतात, ठेवून घेतात, उपचार करतात, बाळंतपण करतात, ती जागा. दाखल करायचं म्हणजे खाट आली. ते साहेब मला तेच विचारत होते. १९४९ सालचा प्रश्न २१व्या शतकात माझ्यासमोर आला होता.

आणि खाटा असलेल्यांची तरी तपासणी होत होती का? सुरुवातीची अनेक दशकं हा कायदा मोजक्या शहरांपुरताच होता. तिथंही तो कपाटातच जास्त राहिला. १९८९ च्या सुमारास मुंबई उच्च न्यायालयात एक याचिका गेली. मुद्दा सरळ होता: कायदा आहे, मग महापालिका तो राबवते का? न्यायालयाने त्यात लक्ष घातलं, अंमलबजावणी बघायला समिती नेमली गेली. सुनील नंदराज यांच्यासारख्या संशोधकांनी त्या काळात खासगी रुग्णालयांत प्रत्यक्ष जाऊन पाहणी केली. राहत्या इमारतीत दाटीवाटीने चालवलेली रुग्णालयं, अपुरी जागा, शिकलेल्या नर्सचा तुटवडा, असं चित्र समोर आलं. २००५ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. तो राज्यभर लागू झाला, दंड वाढला आणि नोंदणीची मुदत तीन वर्षांची झाली. आता सोलापूर शहरात हे काम महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे आहे, ग्रामीण भागात जिल्हा शल्यचिकित्सकांकडे.

तरीही आपल्याकडे तपासणी बऱ्याचदा माणूस गेल्यावरच येते. मार्च २०१७, म्हैसाळ. आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात, मिरज तालुक्यात, कर्नाटकच्या सीमेजवळचं गाव. गर्भपात करताना एका तरुण विवाहितेचा मृत्यू झाला. पोलिसांनी शोध घेतला तेव्हा पुरलेले १९ भ्रूण सापडले. गर्भलिंग निदानाविरुद्ध महाराष्ट्राने देशात सगळ्यात आधी, १९८८ साली, कायदा केला होता. १९९४ पासून देशाचा कायदा आहे. सोनोग्राफी सेंटरची तपासणी, प्रत्येक गरोदर बाईसाठी भरायचा फॉर्म, सगळं कागदावर होतं. ते हॉस्पिटल उघडं पडलं ते मात्र एका बाईच्या मृत्यूने.

९ जानेवारी २०२१, भंडारा. जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागली आणि दहा बाळं गेली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये विरार, नोव्हेंबरमध्ये अहमदनगर. प्रत्येक वेळी दुसऱ्या दिवशी बातमी तीच: राज्यभर फायर ऑडिटचे आदेश. खरं तर राज्याचा अग्निसुरक्षा कायदा २००६ चा आहे. यंत्रणा चालू आहे असं प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैमध्ये, देणं इमारतीच्या मालकावर बंधनकारक आहे. म्हणजे नियम आगीच्या कितीतरी वर्षं आधीपासून होता.

इथं डॉक्टरांची बाजूही सांगायला पाहिजे, नाहीतर हा भाग एकतर्फी होईल. दहा खाटांचं हॉस्पिटल चालवणारे एक डॉक्टर मला म्हणाले, "अरे, मी पेशंट बघू का कागद बघू?" महापालिकेची नोंदणी, अग्निशमन, प्रदूषण नियंत्रण मंडळ, सोनोग्राफी, गर्भपात केंद्राची मान्यता, एक्स-रे मशीनची परवानगी, लिफ्ट. प्रत्येकाची मुदत वेगळी, खिडकी वेगळी. मोठ्या कॉर्पोरेट हॉस्पिटलला यासाठी वेगळा माणूस ठेवता येतो. छोट्याला ते सगळं स्वतःच करावं लागतं. त्यांचं म्हणणं खोटं नाही. पण त्यातून तपासणी सोपी आणि नियमित करा असं निघतं, ती नकोच असं निघत नाही.

आता पुन्हा आज्जीच्या गाळ्याकडे येऊ. त्याला कुठलाच नियम नाही असंही नाही. वैद्यकीय कचऱ्याचे २०१६ चे नियम खाटा नसलेल्या दवाखान्यालाही लागू आहेत. पिवळी पिशवी, लाल पिशवी, काचेसाठी निळा डबा, सुयांसाठी पांढरा, सुई आरपार जाणार नाही असा डबा. म्हणजे आज्जीच्या कमरेतून बाहेर आल्यावर त्या सुईचं काय करायचं, हे नियमात आहे. कमरेत जाण्याआधी ती कशी हाताळली, हे नियमित येऊन बघायची जबाबदारी मात्र कुणावरच नाही. चूक झाली तर मेडिकल कौन्सिल आहे, ग्राहक आयोग आहे, पोलीस आहेत. पण ते सगळे नंतरचे.

आणि हे असंच असायला पाहिजे असंही नाही. सोलापूरहून दक्षिणेला जरा पुढं गेलं की कर्नाटक लागतं. इंडी, आळंद, विजयपूर इथले पेशंट आपल्याकडे येतात, आपली पाहुणेमंडळी तिकडे राहतात. तिथं २००७ पासून खासगी वैद्यकीय आस्थापनांचा कायदा आहे. त्यात खाटा असोत वा नसोत, दवाखान्याला नोंदणी करावी लागते. केंद्राचा २०१० चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदाही साध्या दवाखान्यांना धरतो, पण महाराष्ट्राने तो स्वीकारलेला नाही. स्वतःचा नवा कायदा करायची चर्चा आपल्याकडे झाली, मसुदाही झाला, गाडी तिथंच थांबली. तिकडे सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. नोंदणी झाली म्हणून हात धुतले जातात असं नाही. पण निदान दवाखाने किती आणि कुठं आहेत याची यादी तरी असते. यादीच नसेल तर तपासायला जायचं कुठं?

मग तोवर आपण काय करायचं? दवाखान्यात गेलात की भिंतीकडे बघा. डॉक्टरने आपला नोंदणी क्रमांक दवाखान्यात लावायचा असतो आणि चिठ्ठीवर, पावतीवरही लिहायचा असतो. तो क्रमांक कुठल्या परिषदेचा आहे ते बघा. हॉस्पिटल असेल तर नोंदणीच्या फ्रेमवरची तारीख वाचा, मुदत संपलेली तर नाही ना. २०२१ च्या नियमांनुसार हॉस्पिटलने दरपत्रक आणि रुग्ण हक्कांची सनदही लावायची आहे. दाखल झालेल्या पेशंटने कागद मागितले तर ७२ तासांत द्यायचे असतात. आणि इंजेक्शन असेल तर सुईचं पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा. यात अपमान कुणाचाच नाही.

मी सांगितलं. आज्जीची कंबर पुन्हा धरली, ती पुन्हा त्याच दवाखान्यात गेली. मी म्हटलं, "आज्जी, दुसरीकडे जाऊ की." ती म्हणाली, "रातच्याला दार कोन उघडतंय रं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मीही सोबत गेलो. डॉक्टरांना म्हटलं, "सर, पाकीट इथंच फोडता का?" ते क्षणभर थांबले. मग उठले, बेसिनवर जाऊन साबणाने हात धुतले, नवीन पाकीट आज्जीच्या डोळ्यांसमोर फोडलं. म्हणाले, "विचारत जा. कुणी विचारतच नाही."

त्या गाळ्याची तपासणी झाली ती एवढीच, आणि ती करायला खाटा लागल्या नाहीत. पण प्रत्येक आज्जीसोबत नातू जात नाही. म्हणून कायदाही पाहिजे.

तुमच्या गल्लीतल्या दवाखान्याच्या भिंतीवर नोंदणी क्रमांक आहे का? पुढच्या वेळी गेलात की बघा आणि मला व्हॉइस नोट पाठवा. डॉक्टरांचं आणि दवाखान्याचं नाव नको, फक्त क्रमांक दिसला की नाही तेवढं सांगा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या.