उरलेल्या तासाचा खेळ

शहरांत राहणाऱ्या माणसाला वेळ नसतो, ही तक्रार आपण रोज ऐकतों आणि बहुधा रोज करतोंही. सकाळची गाडी, कचेरी, संध्याकाळची गाडी, बाजार, मुलांचा अभ्यास, घरांतील वडीलधाऱ्यांचें औषधपाणी, एवढें झाल्यावर दिवसाच्या तळाशीं कांहीं उरलेंच, तर तो एखादा तास असतो. त्या तासांत मनुष्य काय करूं शकतो, या प्रश्नाला एक मनोरंजक इतिहास आहे, आणि तोच आज मी आपल्यापुढें मांडणार आहें. पोहणें, सायकल चालविणें आणि धांवणें या तीन व्यायामांची सलग शर्यत म्हणजे ट्रायथलॉन. हें नांव ऐकलें कीं पोलादी देहाचे, दुसरा उद्योग नसलेले खेळाडू डोळ्यांपुढें उभे राहतात. वस्तुस्थिति मात्र वेगळी आहे. हा खेळ पोटासाठीं नोकरीधंदा करणाऱ्या माणसांनीं काढला, आणि त्याची पहिली शर्यत कचेरी सुटण्याच्या वेळेकडे पाहून भरविलेली होती.

फुरसत ही आकाशांतून पडत नाहीं. ती कोणाला तरी मिळवावी लागते. आपल्या मुंबईंत गिरणीकामगारांना आठवड्याची सुटी मिळाली ती १८९० सालीं, आणि तिच्यामागें नारायण मेघाजी लोखंडे यांचे कित्येक वर्षांचे श्रम होते. आपल्याकडील १९४८ च्या कारखाने कायद्यांत आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती. अमेरिकेंत १९३८ सालीं कायदा झाला, आणि १९४० पासून आठवड्याच्या ४० तासांपलीकडे काम घेतल्यास मालकानें जादा दर द्यावा असें ठरलें. अशा रीतीनें तिकडील सामान्य नोकरदाराच्या हातीं संध्याकाळ आली. ती संध्याकाळ खर्चावी कशी, हा प्रश्न त्यानंतरचा.

या प्रश्नाला एक उत्तर १९६८ सालीं मिळालें. अमेरिकन वायुदलांतील डॉक्टर केनेथ कूपर यांनीं त्या वर्षीं ‘एरोबिक्स’ नांवाचें पुस्तक प्रसिद्ध केलें. हृदय व फुप्फुसें यांना पुरेसा वेळ काम देणारा कोणताही व्यायाम सारख्याच मोलाचा आहे, हा त्यांच्या प्रतिपादनाचा गाभा होता. किती अंतर किती वेळांत काटलें त्याप्रमाणें त्यांनीं धांवणें, पोहणें, सायकल आणि चालणें या सर्वांना गुण लावून दिले, आणि आठवड्याला ३० गुण मिळवावे म्हणून सांगितलें. हा व्यायामाचा जमाखर्चच होता. आज तलाव बंद असेल तर सायकलवर गुण जमा करावे, पाय दुखत असतील तर ते पाण्यांत मिळवावे, ही मुभा कामांत गढलेल्या माणसाला फार सोयीची वाटली. तीन खेळ एकाच चोपडींत लिहिले गेले. ते एकाच शर्यतींत येण्यास अवघीं सहा वर्षें लागलीं.

ही घटना घडली ती कॅलिफोर्नियाच्या दक्षिण टोकाला असलेल्या सॅन डिएगो शहरांत. हें समुद्रकांठचें, नाविक तळाचें शहर. तेथील डेव्हिड पेन नांवाच्या वकिलानें १९७२ सालीं आपला पन्नासावा वाढदिवस जरा निराळ्या तऱ्हेनें साजरा केला. त्यानें आपल्या स्नेह्यांना आधीं धांवण्याची व मग पोहण्याची शर्यत लावली. पुढच्या वर्षीं त्या शर्यतींत जॅक जॉनस्टन हे गृहस्थ उतरले. विद्यार्थिदशेंत ते नांवाजलेले पोहणारे होते. प्रौढपणीं ते धांवूं लागले. परंतु धांवणाऱ्यांच्या मेळ्यांत त्यांचा नंबर मागें लागे. पाण्याला अधिक वाव असलेली शर्यत असावी असें त्यांना वाटलें, व ती कल्पना त्यांनीं गांवच्या धांवपटूंच्या मंडळापुढें ठेवली. तेथें त्यांना असें कळलें कीं, डॉन शॅनहन नांवाचे दुसरे एक सभासद अशाच शर्यतीची जुळवाजुळव करीत आहेत व त्यांना तींत सायकलही हवी आहे. जॉनस्टन यांना सायकलची फारशी हौस नव्हती. तरी एकाच वर्षीं अशा दोन विचित्र शर्यती भरविण्यापेक्षां एकच भरवावी, असा व्यवहारी विचार करून दोघे एकत्र आले.

शर्यत ठरली ती २५ सप्टेंबर १९७४ रोजीं, मिशन बे या खाडीच्या कांठीं. त्या दिवशीं बुधवार होता, ही गोष्ट लक्षांत ठेवण्यासारखी आहे. रविवार नव्हे, सणाची सुटी नव्हे. कामाच्या आठवड्याचा मधला दिवस, आणि वेळ संध्याकाळीं पावणेसहाची. एकंदर धांवणें ६ मैल, सायकल ५ मैल आणि पोहणें ५०० यार्ड. धांवण्याचा व पोहण्याचा भाग तुकड्यातुकड्यांनीं वांटलेला होता, आणि धांवण्याचा बराच अंश गवतावरून व वाळूवरून अनवाणी होता. ४६ जणांनीं नांवें दिलीं. बिल फिलिप्स हा पहिला आला, आणि त्याला एक तासही लागला नाहीं. परंतु शेवटच्या मंडळींना अंधारानें गांठलें. तेव्हां मोटारी पाण्याच्या कडेला आणून त्यांचे पुढचे दिवे लावावे लागले आणि त्या उजेडांत उरलेले लोक पोहून बाहेर आले. फ्रान्समध्यें विसाव्या शतकाच्या आरंभींच्या दशकांत मार्न नदीच्या कांठीं अशाच तीन खेळांच्या शर्यती झालेल्या होत्या. परंतु सॅन डिएगोच्या मंडळींना त्यांची वार्ता नव्हती. त्यांनीं आपल्या सोयीपुरता खेळ नव्यानें काढला.

त्या ४६ जणांत जॉन कॉलिन्स नांवाचे एक नौदलाचे अधिकारी होते. ते एकटे आले नव्हते; पत्नी जूडी आणि मुलें यांनींही त्या संध्याकाळीं भाग घेतला होता. पुढें कॉलिन्स यांची बदली हवाई बेटांवर झाली. तेथें १९७७ सालीं एका शर्यतीच्या बक्षीससमारंभांत वाद निघाला कीं, पोहणारा अधिक कणखर कीं धांवणारा? कॉलिन्स म्हणाले कीं, सायकलपटूला विसरूं नका, आणि वादाचा निकाल लावण्यासाठीं त्यांनीं एक योजना मांडली. होनोलुलु शहराच्या परिसरांत तीन शर्यती रूढ होत्या. वायकिकीच्या समुद्रांतील पोहणें २.४ मैलांचें होतें, ओआहू बेटाची सायकलप्रदक्षिणा ११५ मैलांची होती, आणि होनोलुलुची मॅरेथॉन २६.२ मैलांची होती. प्रदक्षिणेंतले ३ मैल कमी करून ती उलट्या दिशेनें केली, तर सायकलवाला नेमका मॅरेथॉनच्या आरंभस्थानीं येऊन उतरतो, हें त्यांच्या लक्षांत आलें. आज जगभर ज्या अंतरांना ‘आयर्नमॅन’ म्हणून दबून बोलतात, तीं कोणा शास्त्रज्ञानें मोजूनमापून ठरविलेलीं नाहींत. एका शहराच्या रस्त्यांना आणि किनाऱ्याला जीं मापें बसलीं, तींच तीं आहेत.

१८ फेब्रुवारी १९७८ रोजीं, शनिवारीं, १५ जण पाण्यांत उतरले. १२ जणांनीं शर्यत पुरी केली. प्रत्येकानें आपले मदतनीस व आपलें खाणेंपिणें स्वतःच आणावयाचें होतें. जॉन डनबर हा सायकलवरून उतरतेवेळीं आघाडीवर होता; परंतु धांवतांना त्याच्या मदतनीसांजवळचें पाणी संपलें आणि त्यांनीं त्याला बियर पाजली. अखेर पहिला आला तो गॉर्डन हॅलर. हा टॅक्सी चालवीत असे, आणि पूर्वीं नौदलांत दळणवळणाच्या कामावर होता. त्याला ११ तास ४६ मिनिटें ५८ सेकंद लागले. खुद्द कॉलिन्स सतरा तासांनीं पोंचले. पुढच्या वर्षीं जिंकणारा टॉम वॉरेन हा सॅन डिएगोंत मद्यालय चालवीत असे. टॅक्सीवाला, मद्यालयवाला, सरकारी अधिकारी, अशी ही पहिली पोलादी पिढी होती. त्यांचा सराव त्यांच्या धंद्याच्या कडेकडेनें चाले.

येथें एक गोष्ट नमूद केली पाहिजे. १९७८ च्या त्या १५ जणांत एकही स्त्री नव्हती, जरी शर्यतीच्या उभारणींत जूडी कॉलिन्स यांचा वांटा पतीच्या बरोबरीचा होता. १९७९ मध्यें बॉस्टनकडील सायकलपटु लिन लेमेअर ही पहिली स्त्री उतरली, आणि एकंदरींत पांचवी आली. म्हणजे शक्ति नव्हती असें नव्हे. या खेळाला लागणारा वेळ कोणाच्या वांट्यांतून निघतो, हा मुद्दा आहे. एक मनुष्य पहाटे तलावावर जातो तेव्हां घरांतील चूल, दूध, मुलांची शाळा दुसरें कोणीतरी पाहत असतें. शर्यतीच्या कागदांवर विजेत्याचे तास, मिनिटें, सेकंद लिहिलेले सांपडतात. घरानें उसने दिलेले तास कोठेंच लिहिलेले सांपडत नाहींत. मला या इतिहासांतली ही मोठी उणीव वाटते.

१९८० सालीं ही शर्यत प्रथम अमेरिकन दूरचित्रवाणीवर दाखविली गेली, आणि खेळाचें रूप पालटूं लागलें. त्या वर्षीं डेव्ह स्कॉट यांनीं ९ तास २४ मिनिटांत शर्यत जिंकली. पहिल्या विजेत्याहून दोन तासांपेक्षांही अधिक लवकर. १९८१ सालीं शर्यत होनोलुलुची गर्दी सोडून कोना येथें गेली. मग फेब्रुवारी १९८२ मध्यें ज्यूली मॉस नांवाची एक कॉलेजांतील विद्यार्थिनी, आपल्या पदवीच्या अभ्यासासाठीं म्हणून तींत उतरली. ती सर्व स्त्रियांच्या पुढें होती. पण शेवटाजवळ तिच्या पायांनीं दगा दिला. ती पडली, उठली, पुन्हां पडली. कॅथलीन मॅकार्टनी तिच्या जवळून पुढें निघून गेली, आणि मॉसनें शेवटची रेषा रांगत ओलांडली, अवघ्या २९ सेकंदांनीं मागें. हें दृश्य लक्षावधि घरांत दिसलें, आणि त्यामुळें खेळाकडे माणसांचा ओघ सुरू झाला.

कॉलिन्स दांपत्यानें शर्यत दुसऱ्यांच्या हातीं सोंपवितांना, सामान्य खेळाडूसाठीं कांहीं जागा नेहमीं राखाव्या, अशी अट घातली होती. त्याप्रमाणें कोनाच्या शर्यतींत कांहीं जागा अनेक वर्षें चिठ्ठ्या काढून दिल्या जात. परंतु २०१५ सालीं अमेरिकन सरकारी वकिलांनीं आक्षेप घेतला कीं, पैसे घेऊन चिठ्ठ्या काढणें ही बेकायदा सोडत होय; आणि ती पद्धति बंद पडली. सामान्यांसाठीं उघडें ठेवलेलें दार असें तिकिटाच्या खिडकीपाशीं येऊन अडावें, हा दैवदुर्विलास म्हणावा लागेल.

तथापि, त्यापूर्वींच दुसरें एक दार उघडलेलें होतें. २००० सालीं सिडनीच्या ऑलिंपिकमध्यें हा खेळ प्रथम आला, तो आटोपशीर रूपांत. पोहणें १.५ किलोमीटर, सायकल ४० आणि धांवणें १० किलोमीटर. तेथें विजेत्यांना सुमारें दोन तास लागले. हें माप नोकरदाराच्या आवाक्यांतलें आहे. मोठ्या शर्यतीचें वेड आपल्याकडेही आलें. अभिनेते मिलिंद सोमण यांनीं २०१५ सालीं, वयाच्या पन्नाशीच्या उंबरठ्यावर, झुरिकची आयर्नमॅन शर्यत पुरी केली. आणि ऑक्टोबर २०१९ मध्यें पणजीला मिरामारच्या किनाऱ्यावर निम्म्या अंतराची आयर्नमॅन शर्यत झाली.

आतां कोणी विचारील कीं, तीन-तीन खेळांचा सराव संसारांत बसवावा कसा? या इतिहासाचें उत्तर असें कीं, तीन खेळ हें ओझें तिप्पट करीत नाहींत, वांटून देतात. धांवण्यांत प्रत्येक पावलाचा हिसका गुडघ्याला बसतो. सायकलवर देहाचा भार बैठकीवर जातो. पाण्यांत तो पाणीच उचलतें. म्हणून पायांना विश्रांति देऊनही छातीला काम देतां येतें. आठवड्यांत दोन सकाळी पाण्यांत घालवाव्या. रस्ता सुरक्षित असेल तेथें कचेरीला सायकलनें जावें, म्हणजे प्रवासाचा वेळच सरावाचा होतो. दोन संध्याकाळी धांवावें, रविवारीं थोडें लांब जावें, आणि एक दिवस कांहींच करूं नये. झोपेतून मात्र एक मिनिटही चोरूं नये. आणि सर्वांत महत्त्वाचें हें कीं, हे तास घरांत बसून, विचारून, ठरवून घ्यावे. ज्यानें एक सकाळ घेतली त्यानें एक सकाळ परतही द्यावी.

मिशन बेच्या त्या बुधवारची मला पुनःपुन्हां आठवण होते ती याचसाठीं. पहिल्या आलेल्या माणसाचें नांव इतिहासांत राहिलें, तें योग्यच झालें. पण दिवसभर कामें करून आलेलीं तीं माणसें अंधार पडल्यावर लगेच घरीं गेलीं नाहींत. पाण्यांत अजून कोणी आहे म्हणून थांबलीं, आणि त्यांनीं आपल्या गाड्यांचे दिवे खाडीकडे वळविले. आपल्या घरांतही जो कोणी उरलेल्या तासांत असा उद्योग करीत असेल, त्याच्यासाठीं कोणीतरी दिवा लावून बसलेलें असतें. तें त्यानें ओळखावें, आणि पाळी आली म्हणजे आपणही दिवा धरावा, एवढेंच सांगून मी आपली रजा घेतों.